साताऱ्याचं भाषण इस्लामपुरात

इस्लामपूर,
डिसेंबर १९४९

प्रिय मधुकर,

तुझं पत्र शाळेच्या पत्त्यावर आलं ते बरं झालं. घरी आलं असतं तर आधी गोपूच्या हाती पडलं असतं, आणि पाकिटावरचं तुझं अक्षर तो अजून ओळखतो. तू मला 'आदरणीय मुख्याध्यापिकाबाई' असं लिहिलं आहेस. मी मात्र 'प्रिय' असंच लिहिते. आपल्या लग्नाचं ठरत होतं तेव्हा मी तुला दुसरा कुठला मायना कधी लिहिला नाही, आणि आज जे लिहायचं आहे ते परक्या माणसाला लिहिण्यासारखं नाही.

आपलं नौदल खेड्यापाड्यांतल्या मुलांपर्यंत पोचलं पाहिजे, म्हणून इस्लामपुरात सभा घ्यायची आहे, शाळेचं सभागृह मिळेल का आणि मुलं जमवून द्याल का, असं तू विचारलं आहेस. नंतर निवडक मुलांना रत्नागिरीला नेऊन जहाज दाखवणार, असंही कळवलं आहेस. हे सगळं वाचताना मला त्रेचाळीस सालचा तू आठवलास. सांगलीत आमच्या शाळेच्या मैदानात नौदलाच्या भरतीसाठी तू पडदा लावून सिनेमा दाखवला होतास, त्यावर समुद्र उसळायचा आणि पुढची पोरं घाबरून मागं सरायची. तुझा पांढराशुभ्र गणवेश बघून आळीतल्या बायका दारात येऊन उभ्या राहिल्या होत्या. माझे वडील, आमचे तात्या, त्याच शाळेत चित्रकला शिकवायचे. जन्मात त्यांनी नदीपलीकडे काही पाहिलं नव्हतं, पण त्या दिवशी घरी येऊन त्यांनी पाटीवर जहाज काढलं आणि गोपूला म्हणाले, बघ, असं असतं.

रत्नागिरीला गेलो तेव्हा आम्ही तिघंही तुझ्या लॉरीत होतो. आंबा घाटात तात्यांना उलट्या झाल्या आणि तू थांबून त्यांना लिंबू दिलंस. जहाज लांब पाण्यात उभं होतं, होडीतून वर चढताना तात्यांनी डोळे गच्च मिटून घेतले होते. वर सरबत होतं, बँड होता, तोफेचं तोंड फिरवून बघायची मुभा होती. गोपू या सगळ्यात कुठेच नव्हता. वायरलेसच्या खोलीत एका खलाशाने त्याच्या कानांना यंत्र लावून दिलं होतं आणि तो कुठल्या तरी लांबच्या बंदराची टिकटिक ऐकत बसला होता. शेवटची होडी निघायची वेळ झाली तरी उठेना. तेव्हा तू तात्यांना म्हणालास, "तात्या, पोरगा माझ्या नजरेखाली राहील. काळजी माझ्यावर सोडा." त्या एका वाक्यावर तात्यांनी आपला एकुलता एक मुलगा तुझ्या हवाली केला. मीही माझा भाऊ सोपवला. मला तर तुझा अभिमान वाटला.

त्याच लॉरीत कुंडलचा कोंडीबा होता. तुला आठवत नसेल, तुझ्याबरोबर अशी पुष्कळ मुलं गेली. त्याची आई रंगूबाई हिला गावाने त्यापायी फार ऐकवलं. कुंडलच्या बाजूला त्या वेळी भूमिगतांचा जोर, घराघरातून पोरं इंग्रजांविरुद्ध उभी राहत होती आणि हिचा मुलगा इंग्रजांच्या जहाजावर चाकरीला गेला. ती म्हणायची, आवं, सायबानं सांगितलंय, शिकून मोठा हुईल. तो साहेब म्हणजे तू.

पुढचं तुला माझ्यापेक्षा जास्त माहीत आहे. वायरलेस शिकवतो म्हणून नेलेल्या गोपूला पहिलं वर्षभर डेक घासायला लावलं. भातात खडे, डाळीत पाणी, आणि गोऱ्या अधिकाऱ्याच्या तोंडी आईबापावरून शिव्या. घरी तो यातलं काही लिहीत नसे. सेहेचाळीसच्या फेब्रुवारीत मुंबईच्या बंदरात खलाशांनी जेवण नाकारलं तेव्हा आम्हाला ते वर्तमानपत्रातून कळलं. गोपूने बंदूक उचलली नव्हती. तो नुसता आपल्या सोबत्यांबरोबर जेवायला उठला नाही, आणि एका भिंतीवर त्याने सुंदर अक्षरात 'जयहिंद' लिहिलं. अक्षर तात्यांचं होतं.

उन्हाळाभर छावणीत ठेवून त्याला नोकरीतून काढलं. सांगलीच्या स्टेशनवर तो उतरला तेव्हा मी त्याला ओळखलं नाही, त्यानेच हाक मारली. तेव्हापासून तो भिंतीला पाठ लावल्याशिवाय बसत नाही. मागून कुणी खांद्यावर हात ठेवला तर दचकून उठतो आणि हातातलं असेल ते खाली पडतं. आम्हाला वाटलं, छावणीत मारलं असेल. विचारलं तर म्हणायचा, अक्का, झालं ते झालं.

त्याच्या पाठोपाठ तू आलास. आमच्या माजघरात पाटावर बसून जेवलास, मी तुला वाढलं. मी खूप खटपट केली, पण वरचे ऐकेनात, असं तू तात्यांना सांगितलंस. तात्यांनी तुझे दोन्ही हात धरले. गोपू पानावरून उठून गेला, तेव्हा त्याच्या वतीने मी तुझी माफी मागितली. मग थोड्याच दिवसांत तुझ्या मावशी निरोप घेऊन आल्या की, काढून टाकलेल्या खलाशाच्या बहिणीशी सोयरीक केली तर मधुकरच्या नोकरीवर संशय येईल. मी त्यातही तुझी बाजू घेतली. नोकरीच्या माणसाला जपूनच वागावं लागतं, असं मीच आईला समजावलं. पुढच्या वर्षी तात्या गेले. जाण्यापूर्वी त्यांनी गोपूला जवळ बोलावलं आणि सांगितलं, मधुकरने आपल्यासाठी केलं ते विसरू नकोस. गोपू हो म्हणाला. हो म्हणून त्याने तोंड भिंतीकडे वळवलं, आणि मला वाटलं, तो रडतोय.

कोंडीबा मला गेल्या वर्षी इथल्या बाजारात भेटला. त्यालाही काढलं होतं. स्वराज्य आलं तरी या मुलांना कुणी परत घेतलं नाही, हे तुला ठाऊक आहेच. आता पलूसजवळ दुसऱ्याच्या मळ्यात मोट हाकतो. मी गोपूची बहीण म्हटल्यावर डोकीवरचं ओझं खाली ठेवून उभा राहिला. बोलता बोलता मी सहज तुझं नाव घेतलं, आमच्यासाठी फार धडपडला म्हणून. मग त्याने सांगितलं ते असं. छावणीच्या मैदानात सगळ्यांना रांगेत उभं केलं होतं. गोरा अधिकारी पुढे आणि तू त्याच्या बाजूला. पुढारी कोण, भिंतीवर लिहिणारे कोण, हे गोऱ्याला कळत नव्हतं, त्याला सगळी तोंडं सारखीच. तू रांगेतून चालत होतास आणि ज्याच्या खांद्यावर तू हात ठेवशील त्याला बाजूला काढत होते. कोंडीबा गोपूच्या शेजारी उभा होता. "बाई, तुमच्या गोपूच्या खांद्यावर त्यानं हात ठेवला न्हवं, तवा गोपू हसला," तो म्हणाला. "त्याला वाटलं, घरचा मानूस आला."

मी भाजीची पिशवी तिथेच विसरून घरी आले. त्या दिवसापासून मी गोपूच्या खांद्याला कधी हात लावला नाही. आणि तुला शाप द्यायला बसले की शब्द पुरत नाहीत. तू भीतीने केलंस हे मला कळतं. नोकरी टिकवायची होती, वर चढायचं होतं, आणि तू चढलासही. भिणाऱ्याला मी एखाद वेळी माफ केलं असतं. पण त्यानंतर तू आमच्या घरी येऊन जेवलास. मरेपर्यंत त्या म्हाताऱ्याला तुझे उपकार मानू दिलेस. त्याला माफी नाही.

तरीही मी गप्प राहिले असते. गोपूची तशीच इच्छा होती. तो इथे माझ्याकडे राहतो, सायकलच्या दुकानात पंक्चर काढतो, आणि अलीकडे कधीमधी हसतोही. पण गेल्या महिन्यात शिक्षकांच्या बैठकीसाठी मी साताऱ्याला गेले होते आणि तिथल्या चौकात तुझ्या सभेचा फलक पाहिला. मी गेले, बायकांच्या मागच्या रांगेत पदर पुढे घेऊन बसले. तू छान बोलतोस, पूर्वीपासूनच. नव्या जहाजांबद्दल बोललास, आणि मग आवाज उतरवून सेहेचाळीस सालावर आलास. "मुंबईच्या बंदरात मी माझ्या पोरांच्या बाजूला उभा राहिलो," असं तू म्हणालास. उपाशी राहिलो, छावणी पाहिली, असंही म्हणालास. लोकांनी तुला हार घातला. माझ्या शेजारची बाई डोळे पुसत होती. मधुकर, तू गोपूची नोकरी घेतलीस, त्याचं तारुण्य घेतलंस, ते मी कसंबसं गिळलं होतं. आता तू त्याची उपासमारसुद्धा स्वतःच्या नावावर लावून हार घेत होतास. त्या दिवशी मी ठरवलं की हे मी सोडणार नाही. परतीच्या प्रवासात मला इतकं शांत वाटत होतं की माझी मलाच भीती वाटली.

म्हणून तुझं पत्र आलं तेव्हा मला नवल वाटलं नाही, आनंद झाला. सभागृह दिलं आहे. येत्या शनिवारी दुपारी सभा आहे, गावात दवंडी दिली आहे. माझ्या शाळेतली दोन मुलं नौदलात जायला निघाली आहेत, त्यांना मी अडवणार नाही. जहाजं आता आपली आहेत आणि समुद्राने आमचं काही वाईट केलेलं नाही. कोंडीबाही तेच म्हणतो, पोरं जाऊ द्यात, फकस्त खरं सांगून धाडा. तो पहिल्या रांगेत बसणार आहे. त्याच्याबरोबर छावणीतल्या रांगेतून तू बाजूला काढलेले, इकडच्या गावांत सापडले तेवढे सगळे येणार आहेत, मी स्वतः घरोघर जाऊन बोलावलं आहे. रंगूबाई येणार आहे. तू साताऱ्यात केलंस तेच भाषण इथे करायचं, एक शब्दही बदलायचा नाही. तुझं झालं की कोंडीबा उठेल. तू आला नाहीस, तर तो एकटाच बोलेल, आणि तू का आला नाहीस ते मी सांगेन. आजारी पडलास किंवा दुसऱ्याला पाठवलंस तरी सभा होईल, आणि ती सांगलीलाही होईल, साताऱ्यालाही होईल.

खरं तर हे तुला न सांगताच करायचं माझ्या मनात होतं. तू हसतमुखाने व्यासपीठावर चढावास आणि मग पहिल्या रांगेकडे तुझी नजर जावी, हे मी कितीदा डोळ्यांपुढे आणलं होतं. तुझं पत्र मी शेवटी गोपूला दाखवलं आणि काय ठरवलं आहे तेही सांगितलं. तो रागावला नाही, मला थांबवलंही नाही. त्याने फक्त एवढंच म्हटलं, "अक्का, त्याला आधी कळव. त्यानं मला कळवलं नव्हतं." म्हणून हे पत्र. मला तुझ्यावर एवढीसुद्धा दया करायची नव्हती, ही त्याची आहे. गोपू सभेला येणार आहे. कुठे बसणार ते त्याने मला सांगितलेलं नाही.

एकेकाळी तुझीच होणार होती ती,
उमा