काळ्या झग्यावरची पिवळी रेघ

पॅरिस, मार्चचा दुसरा आठवडा, १८२६

आदरणीय गास्पारमामांना भाची सिदोनीचा नमस्कार.

तुमच्या उजव्या पायाच्या अंगठ्याची सूज उतरली असेल अशी आशा करते. मागच्या पत्रात तुम्ही लिहिलं होतं की त्याला पांघरुणाचाही स्पर्श सोसत नाही आणि डॉक्टरांनी लाल वाइन बंद केली आहे. अंगठ्याबद्दल मला वाईट वाटलं, आणि वाइनबद्दल तुम्हाला किती वाईट वाटत असेल याची कल्पना आली. मामींनी पाठवलेला नासपतींचा मुरंबा पोचला. झेली अर्धा पावाला लावून खाते आणि अर्धा बोटाने. तिचा खोकला आता बराच कमी आहे. मीही बरी आहे. (जेवते, झोपते, आणि कोणी विचारलं तर बरी आहे असं सांगते. विचारणाऱ्यांचं तेवढ्यावर समाधान होतं.) ह्यांच्या अंत्यविधीला तुम्हाला येता आलं नाही, याबद्दल माझ्या मनात काही नाही. रस्त्यांवर बर्फ होता आणि अंगठा तेव्हाही होताच.

एक गोष्ट मात्र दुसऱ्या कोणी कळवण्याआधी मीच कळवायला हवी. ह्यांचे प्रोस्पेरकाका झेलीला माझ्याकडून काढून घेऊन साँलिसच्या मठातल्या शाळेत ठेवायला निघाले आहेत. कायद्याप्रमाणे बाप नसलेल्या मुलीची पालक आई. पण आईचं वागणं उघड उघड बदनामीचं असेल, तर बापाकडचे तीन आणि आईकडचे तीन पुरुष न्यायाधीशासमोर बसून तिला दूर करू शकतात. माझं वागणं तसं आहे असं काकांचं म्हणणं आहे, आणि त्यांच्याकडे पुरावा आहे. तो पुरावा छापील आहे, हाताने रंगवलेला आहे, आणि सध्या शहरातल्या निम्म्या दुकानांच्या खिडक्यांत टांगलेला आहे.

मामा, मी काही केलेलं नाही. मी फक्त एक झगा रंगवायला टाकला.

हे गेले त्या दिवशी घरात काळी म्हणावी अशी एकच वस्तू होती, ती म्हणजे छत्री. लोकरीचा चांगला झगा एकच, तो पिवळा. (कापड तुमच्याच दुकानचं, आठवत असेल.) आमच्या गल्लीच्या टोकाला 'शोकाचे कपडे एका दिवसात' अशी पाटी लावलेला रंगारी आहे. रीत अशी की झगा आधी उसवायचा, तुकडे रंगवायचे, मग परत शिवायचे. पण अंत्यविधी दुसऱ्याच दिवशी. रंगारी म्हणाला, "बाई, उसवत बसलो तर तुमचे यजमान वर पोचतील आणि आपण अजून डाव्या बाहीतच असू." (तो असंच बोलतो. रोज रडणाऱ्या माणसांशीच गाठ पडत असल्यामुळे त्याची भीड चेपली आहे.) तेव्हा झगा अख्खाच कढईत गेला. लोकरीने काळा रंग धरला. शिवणीचा दोरा सुती, त्याने धरला नाही. झगा परत आला तो कोळशासारखा काळा, आणि खांद्यापासून घोट्यापर्यंत प्रत्येक शिवणीवर एक बारीक पिवळी रेघ. ह्यांच्या शाळेतल्या नकाशांवर सरहद्दी असत तशी. अंत्यविधीला मी वरून शाल घेतली. नंतर काळा दोरा आणून एके संध्याकाळी उजवी बाही उसवायला घेतली, आणि ठेवून दिली.

फेब्रुवारीत झेलीचा खोकला हटेना. डॉक्टर म्हणाले, तिला मोकळी हवा द्या. पहिल्या सहा महिन्यांत विधवेने बागेत फिरू नये हे मला माहीत आहे, पण खोकल्याला ते माहीत नव्हतं. म्हणून मी तिचा हात धरून तुइलरी बागेत कडेकडेने चालत असे. तिथे एक तरुण कठड्याला टेकून वहीत काहीतरी काढत होता. मला वाटलं, झाड काढतोय. आपण मध्ये येतोय म्हणून बसले होते त्या बाकावर मी बाजूला सरकलेसुद्धा. (त्याला मी बाजूनेच हवी होते, ती आयती मिळाले.)

दहा-बारा दिवसांनी चित्रांच्या दुकानासमोर ही गर्दी. हल्ली इथले लोक सकाळी वर्तमानपत्राच्या आधी या खिडक्या बघतात. मंत्र्यांची नाकं, शर्यतीचे घोडे, आठवड्याच्या नव्या टोप्या, सगळं तिथे कळतं. त्या दिवशी मधोमध मी होते. कंबर माझ्या मनगटाएवढी, मान हंसाची, आणि ओठांवर असं हसू की जणू घरातलं जुनं दुखणं एकदाचं गेलं. पिवळ्या रेघा बोटभर जाड केलेल्या. आणि माझ्या हाताशी झेलीच्या जागी कुत्रा. पांढरा, कुरळा, कंबरेपासून मागे भादरलेला. खाली छापलं होतं, 'शोकवेश, लोकरीचा, पिवळ्या किनारींचा. तुइलरी बाग.' माझ्या पुढची बाई मैत्रिणीला म्हणत होती, "अगं, असा झगा मिळणार असेल तर आमच्या ह्यांच्या छातीला मी उगाच शेक देत बसले." मी तोंडावरची जाळी खाली ओढली आणि घरी आले.

संध्याकाळी प्रोस्पेरकाका आले. तुम्हाला माहीतच आहे, ते शहराच्या जकात नाक्यावर होते. तीस वर्षं गवताच्या गाड्यांत सळई खुपसून लपवलेली पिंपं शोधल्यामुळे त्यांना कोणतीच गोष्ट वरवर पाहता येत नाही. त्यांनी चित्र टेबलावर पसरलं आणि खिशातून भिंग काढलं.

"सूनबाई, ही तुम्ही?"

"थोडीशी."

"पोर कुठाय?"

"माझ्या हाताला."

"हाताला दोरी आहे. दोरीला कुत्रा आहे."

"काका, तो कुत्रा म्हणजे झेली आहे."

हे वाक्य मी बोलायला नको होतं. ते अजून, भेटेल त्याला, माझ्याच आवाजात म्हणून दाखवतात.

दुसऱ्या दिवशी मी ते चित्र छापणाऱ्या फॅशनच्या साप्ताहिकाच्या कचेरीत गेले. संपादक अगदी सभ्य माणूस. त्याने खुर्ची दिली, ह्यांच्याबद्दल दुःख व्यक्त केलं, आणि झगा मागून कसा दिसतो ते पाहायला मिळेल का असं विचारलं. मी सांगितलं की हा रंगाऱ्याचा घोटाळा आहे, ही किनार नव्हे. तो म्हणाला, "मादाम, या शहरातली प्रत्येक किनार कोणाचा ना कोणाचा घोटाळाच असते." मग मी विनंती केली की निदान कुत्रा काढून माझी मुलगी परत घाला आणि हसू कमी करा. "मुलांना या मोसमात मागणी नाही हो. पण तुमच्यासाठी करू." (हे म्हणायचे की माझं ओरडणं शेजारच्या खोलीत ऐकू जात नाही. माझं नेहमीचं बोलणं बहुधा त्याच खोलीत ऐकू जात नसावं.) पुढच्या अंकात त्याने शब्द पाळला. झेली आली. हसू कमी झालं. कुत्राही राहिला, कारण तो लोकांना आवडला होता. आणि माझ्या डाव्या बाजूला एक मिशीवाले गृहस्थ माझ्या डोक्यावर छत्री धरून उभे. मी धावत कचेरीत गेले, तर संपादक म्हणाला, "मुलीला उजवीकडे घेतल्यावर डावीकडे फार मोकळं दिसायला लागलं."

काका पुन्हा आले. या वेळी बसलेही नाहीत.

"हा कोण?"

"कोणी नाही, काका."

"सूनबाई, मिशीचा केस न् केस काढलाय. नसलेल्या माणसाच्या मिशीवर कोणी एवढा खपत नाही."

तिसऱ्या दिवशी न्यायाधीशांची नोटीस आली. तोवर शहराला वेड लागलं होतं. ज्यांच्या घरी कोणी गेलं नव्हतं त्या बायकांनी दूरचे नातेवाईक शोधून काढले. आमचा रंगारी आता रेघ न रंगवण्याचे वेगळे पैसे घेतो आणि मला वाटेत वाकून नमस्कार करतो. मला मात्र त्या दिवसांत एवढंच कळत होतं की झेली रात्री झोपेत माझ्या बाहीचं टोक मुठीत धरते, आणि साँलिसच्या शाळेत आईला महिन्यातून एकदा जाळीच्या पलीकडून भेटता येतं.

काल सभा झाली. न्यायाधीश म्हातारे, सर्दी झालेले. ह्यांच्या बाजूने काका आणि त्यांचे दोन चुलतभाऊ. आपल्या बाजूने, तुमच्याशिवाय पुरुष नातेवाईक नाही म्हणून, आमचे घरमालक आणि ह्यांच्या शाळेतले गणिताचे मास्तर. तिसरी खुर्ची तुमची, ती रिकामी. काकांनी दोन्ही चित्रं मांडली आणि भिंग न्यायाधीशांच्या हातात दिलं.

"मादाम, हे गृहस्थ कोण?"

"डावीकडची मोकळी जागा, साहेब."

कारकुनाची लेखणी थांबली. "हे कसं लिहू?"

"म्हणाल्या तसं लिही," न्यायाधीश म्हणाले आणि शिंकले. मग झग्याकडे बघत राहिले. मी तोच घातला होता, दुसरा नाहीच. "बरं, मिशी राहू दे. हा पिवळा दोरा. तुम्ही म्हणता चूक रंगाऱ्याची. पण दोन महिने झाले. रीळभर काळा दोरा आणि दोन संध्याकाळी, एवढंच लागलं असतं ना?"

मी उभी राहिले. इतक्या पुरुषांसमोर मी कधी बोललेली नाही. म्हटलं, "ह्यांना लांबचं दिसत नसे, साहेब. गर्दीत मी सापडावी म्हणून पिवळा रंग त्यांनी निवडला होता. तरी दोनदा ते पिवळ्या पडद्याशीच बोलले. मी एक बाही उसवायला घेतली होती. मग वाटलं, सगळंच काळं केलं तर..."

गणिताचे मास्तर खिडकीबाहेर बघू लागले. काका भिंग पुसत होते, ते पुसतच राहिले. शेवटी म्हणाले, "कारण बरं आहे. पण मिशी राहतेच."

तेव्हा आहे हे असं आहे. न्यायाधीशांनी पुढच्या गुरुवारची तारीख दिली आहे. बाकी सर्व ठीक. लोणी महाग झालं आहे. मामींना नमस्कार, तुमच्या अंगठ्याला आराम पडो.

तुमची भाची,
सिदोनी

ता. क. तारीख का दिली ते लिहायचं राहिलं. न्यायाधीशांना सहाही माणसं हजर हवीत. तीन विरुद्ध तीन झाले तर त्यांचं मत ज्या बाजूला, तिकडे निकाल, आणि मला वाटतं त्यांना पिवळा दोरा पटला आहे. तेव्हा मामा, गुरुवारी या. गाडीत पायाखाली दोन उश्या घ्या, उतरवायला मी आणि घरमालक येऊ. तुम्ही आलात तर झेली माझ्याजवळ राहील. एकच विनंती, बोलू नका. फक्त हात वर करा. माझ्या लग्नाच्या वेळी देण्याघेण्याच्या बैठकीत तुम्ही बोललात, तर लग्न तीन महिने पुढे गेलं होतं.

ता. क. दुसरा. काल टपालाची गाडी चुकली ते बरंच झालं. आज दुपारी उर्सुलकाकू आल्या होत्या. (म्हणजे प्रोस्पेरकाकांच्या सौभाग्यवती. त्यांचा शोक रीतीप्रमाणे कधीच संपला होता, झग्यासाठी त्यांनी तो पुन्हा सुरू केला आहे.) येताच माझी बाही चिमटीत धरून म्हणाल्या, "अगं, मी दोन शिवून घेतले, दोन्ही फसले. रेघ फार सरळ येते मेली. शनिवारी इतक्या मोठ्या घरी जायचंय. हा मला दे, माझी शिंपीण याच्यावरून बेतेल." मी म्हटलं, "दिला असता, काकू. पण माझ्याकडे हा एकच आहे. हा दिला तर गुरुवारी न्यायाधीशांसमोर काय घालून जाऊ?" काकू बराच वेळ रेघेकडे बघत बसल्या. मग म्हणाल्या, "मग गुरुवारच नको." आणि टोपी सारखी करून निघून गेल्या. अंधार पडायच्या आत काकांची चिठ्ठी आली. तक्रार मागे घेतली आहे. भिंगाखाली पुन्हा तपासणी करता मिशी काल्पनिक असल्याचं आढळलं. मी चिठ्ठी हातात घेऊन जिन्यातच बसले, झेलीला तिथेच जवळ घेतलं, आणि थोड्या वेळाने झगा उतरवून काकूंकडे पाठवला. तेव्हा तुम्ही येऊ नका. अंगठा वरच ठेवा.

ता. क. तिसरा. पत्र अजून इथेच आहे. मी चार दिवस ड्रेसिंग गाऊनमध्ये घरात बसून होते, टपालापर्यंत जाणार कशी? आज झगा परत आला. काकूंच्या शिंपिणीने बेत नीट यावा म्हणून तो सगळा उसवला, आणि बाई कामाची पक्की, परत शिवताना काळा दोरा वापरला. एवढी सुबक शिवण मी पाहिलेली नाही. कुठेही एक रेघ नाही. काका मुद्दाम बघायला आले आणि म्हणाले, "आता कसं शोभतं." मी आभार मानले. मग झेलीला घेऊन बागेत गेले. ती पक्ष्यांना पाव घालायला पुढे पळाली. परत आली ती माझ्यासमोरून धावत गेली आणि तिकडे उभ्या असलेल्या, काळ्या झग्यावर पिवळ्या किनारीच्या एका अनोळखी बाईचा हात धरून उभी राहिली. त्या बाईने आधी स्वतःचा कुत्रा जवळ ओढून घेतला.

म्हणून मुख्य काम लिहिते. त्या पिवळ्या सुती दोऱ्याचं एक रीळ पाठवा. लिंबाच्या रंगाचा नको, आपला जुना, मामींना आठवेल. इथे शहरात सगळा संपला आहे.