दिनानाथ काका मागे राहतील

मी, हरेश जनू भोईर, वय पंचवीस, धंदा पोरांच्या पुस्तकांत चित्रं काढणे आणि खालची गोष्टपण लिहिणे, राहणार मांजर्ली, बदलापूर पश्चिम, हे मृत्युपत्र स्वतःच्या अकलेने लिहितो आहे. अक्कल दहावीत दोनदा नापास झालेली आहे, पण जाग्यावर आहे. माझ्यावर कोणी दबाव टाकलेला नाही. हा दारूच्या नशेत होता असं उद्या कोणी कोर्टात बोललाच, तर त्याला सांगावं की या माणसाला पाणीसुद्धा मापून मिळत होतं, दारू कुठली. दोन्ही किडन्या गेल्यात. आईची जुळली नाही, बाबांना शुगर, बहिणीची मी घेणार नाही. हे भांडण घरात झालं आणि संपलं, तिने ते परत काढू नये.

याआधी मी एकच मृत्युपत्र लिहिलं होतं, सातवीत, हेडमास्तरांच्या नावाने. त्यात त्यांनी छडी शिपायाला आणि टक्कल चित्रकलेच्या सरांना दिलं होतं. नोटीस बोर्डावर लावलं म्हणून मार खाल्ला. ते मृत्युपत्र मी रद्द करतो. हे खरं आणि शेवटचं.

माझ्याकडे देण्यासारखी वस्तू एकच आहे, माझं पुराचं पुस्तक. ते कोणाला द्यायचं आणि त्याच्यावर नाव कोणाचं, भांडण एवढंच आहे. बाकीची कलमं भरती म्हणून आहेत, पण तीपण पाळावीत.

कलम एक. घर बाबांचं, त्यातलं मला काही देता येत नाही. जमीन होती ती माझ्या जन्माआधीच विकली. तिच्यावर आता बिल्डिंगी आहेत आणि त्यांना स्विमिंग पूल आहे. आमच्याकडे नदी स्वतः घरात येते, फुकट. माझी खोली माझ्या बहिणीला, भाविकाला. भिंतीवर मी तिच्या लग्नाचं चित्र काढलंय, नवऱ्याच्या जागी बोकड आहे. नवरा मिळाला की बोकडावर रंग मारावा. नाही मिळाला तर बोकड वाईट नाही.

कलम दोन. स्प्लेंडर किसनला. किसन माझा दोस्त, रिक्षा चालवतो, मला डायलिसिसला अंबरनाथला तोच नेतो आणि येताना माझी उलटी तोच धुतो. गाडीचा हॉर्न वाजत नाही, शिव्या द्याव्या लागतात. त्या त्याला येतात.

कलम तीन. काचेचं टेबल. काचेखाली ट्यूबलाइट आहे. आमच्या धंद्यात वाघ कोणी मनाने काढत नाही. जुन्या पुस्तकातला वाघ काचेवर, त्याच्यावर कोरा कागद, की मार रेघ. पुढच्या वर्षी या वाघावरून दुसरा वाघ. मी धंद्यात आलो तेव्हा वाघाचे पट्टे पोटापर्यंत पोचतच नव्हते आणि शेपूट कुत्र्याची झाली होती. मग मी एक वाघ नवीन काढला, पोट आमच्या छापखान्याच्या शेठचं घेतलं. हे टेबल भाविकाला, ब्लाउजच्या डिझाइनी उतरवायला. पोरांच्या पुस्तकांच्या धंद्यात आमच्या घरातून परत कोणी जाऊ नये, म्हणूनपण.

कलम चार. दिनानाथ काका. हे कोण ते लिहून ठेवतो, कारण माझ्यानंतर कोणी सांगणार नाही.

उल्हासनगरला कॅम्प दोनमध्ये टेकचंद शेठचा छापखाना आहे. लग्नपत्रिका, बिलबुकं आणि पोरांची पुस्तकं. मी पहिलं पुस्तक करून नेलं तेव्हा आतल्या पानावर बारीक अक्षरात लिहिलं होतं, गोष्ट आणि चित्रं हरेश भोईर. शेठने चष्मा कपाळावर घेतला.

"ये कौन है?"

"मैं."

"अरे साईं, भोईर लोग जमीन बेचते हैं. किताब भोईर से कौन लेगा? शाळावालों को मास्तर चाहिए. गोरा, चष्मेवाला, रिटायर."

"मग बनवतो एक," मी म्हटलं. मस्तीत म्हटलं. चहा यायच्या आत दिनानाथ काका तयार झाले. निवृत्त शिक्षक, आवाज मऊ, मुलांवर फार प्रेम. शेठ एवढे खूश झाले की म्हणाले, "ऐसा एक आदमी घर में होना चाहिए." तेव्हापासून माझी सगळी पुस्तकं काकांनी केलीत. मला वाटलं होतं दोनचार पुस्तकांनी गंमत संपेल आणि माझं नाव येईल. गंमत संपली, एवढं खरं.

कलम पाच. चेहरा. मागच्या कव्हरवर काकांचं तोंड पाहिजे होतं. समोर बाबा जेवत बसले होते. मी त्यांची मिशी उडवली, चष्मा लावला, बनियनवर कोट चढवला. पुस्तक छापून आलं तसं बाबांच्या हातात दिलं. त्यांनी उलटंसुलटं केलं.

"यो बामन कोन हाय रं? तोंड वलखीचा वाटतंय."

आई, म्हणजे मोतीबाई, भाकरी थापता थापता पिठात पडायची बाकी राहिली. "अवो, तुमीच हाव न ते!"

बाबा आरशापुढे गेले आणि मिशीवर हात ठेवून बघत राहिले. संध्याकाळी म्हणाले, "कोट बरा दिसतंय."

अंबरनाथला डायलिसिसच्या बाहेर पोरांसाठी फाटकी पुस्तकं ठेवलेली असतात, त्यात आमचं एक सापडलं. कोणतंतरी कार्टं पेनाने काकांना मिशी काढून गेलं होतं. खाली माझा बाप बसलेला. एवढा हुशार वाचक मला परत भेटला नाही. ते पुस्तक मी चोरलं, ते बाबांना द्यावं. चेहरापण त्यांचाच, तोही मी त्यांना परत देतो. यापुढे शेठला तो छापायचा असेल तर त्यांनी बाबांना विचारावं. शेठ विचारणार नाहीत हे मला माहीत आहे. विचारलं तरी बाबा हो म्हणतील, कोटासाठी.

कलम सहा. लेखक परिचय. हा कव्हरवर चेहऱ्याखाली येतो. दर पुस्तकाला शेठ म्हणायचे, "काका का कुछ नया डालो." काकांचं नवीन मी कुठून आणणार? मग माझंच टाकत गेलो. "काकांचं बालपण नदीकाठी रम्य वातावरणात गेलं." ती मांजर्ली. रम्य म्हणजे कपाटावर बसून पाणी उतरायची वाट बघायचो. "शाळेत काकांना वर्गाबाहेर बसायला आवडे." आवडे कसलं, बसवायचे. "काकांचं एका मुलीवर प्रेम होतं, पण ती परगावी गेली." ती हिमानी. शेठने ते कापलं, पोरांच्या पुस्तकात हे कशाला म्हणून. हिमानी, कधी ऐकलंस तर समज, छापायला दिलं होतं. "काका हल्ली पाणी कमी पितात." हे राहिलं, कारण कोणाला कळलंच नाही.

एकदा कुळगावच्या एका शाळेने काकांना बक्षीस द्यायला बोलावलं. शेठला घाम फुटला. मी गेलो, काकांचा ड्रायव्हर म्हणून. "काका अमेरिकेला लेकीकडे गेलेत मॅडम." पुढच्या पुस्तकात काका अमेरिकेहून परत आले. माझ्याकडे पासपोर्ट नाही, मी पुणेपण बघितलेलं नाही. शाळेने मला स्टेजच्या मागे खुर्ची दिली, बटाटेवडा दिला. राहवलं नाही म्हणून फळ्यावर पोरांना वाघ काढून दाखवला. बाई म्हणाल्या, "अय्या, ड्रायव्हरला पण येतं! काकांच्या संगतीत शिकलात ना?"

"हो मॅडम. फार जवळचे आहेत."

एक पोरगी वाघाकडे बघायची, मग माझ्याकडे बघायची.

तर हे सगळे परिचय कापून भाविकाने एका पाकिटात ठेवावेत. माझं दुसरं चरित्र नाही. दहाव्याला कोणी दोन शब्द बोलायला उठलंच तर यातलं वाचावं. अमेरिका सोडून.

कलम सात. पुराचं पुस्तक.

मी डावखुरा. डायलिसिससाठी हातातल्या दोन शिरा एकमेकींना जोडतात आणि त्यात सुया घालतात. डॉक्टरांनी आधी विचारून उजवा हात घेतला. त्यातला जोड बंद पडला. मग डावा घ्यावा लागला. तेव्हापासून रेघ थरथरते. शेठला पहिलं थरथरतं चित्र दाखवलं, त्यांनी ते उजेडाला धरलं. मग म्हणाले, "चलेगा. काका की उमर हो गई है."

हे पुस्तक पूर्ण या हाताने केलंय. मांजर्लीत पाणी शिरतं आणि एक बोकड, दोन कोंबड्या, एक म्हातारी आणि एक आजारी पोरगा एकाच पत्र्यावर चढून बसतात. यात वाघ नाही, परी नाही, शिकवण नाही. पाणी शेवटपर्यंत उतरत नाही. यातली एकपण रेघ मी कशावरून उतरवलेली नाही.

शेठ मला डायलिसिसला भेटायला आले ते नारळपाणी घेऊन. आमच्यासाठी नारळपाणी म्हणजे विष. मशीन लावते ती सुरुची, तिने ते हातातूनच काढून घेतलं. "काका, याला मारायला आलात का?" शेठ बिचारे ओशाळले. मी म्हटलं, "शेठ, ये एक किताब मेरे नाम से."

शेठ स्टूलवर बसले. "हरेश, बेटा. तेरे नाम से छापूंगा तो गोदाम में सडेगी. काका के नाम से हर शाळा में जायेगी. तू बोल, क्या चाहिए, नाम या बच्चे?"

"मग काकांना मारा. कव्हरवर टाका, काका वारले, हे त्यांचं शेवटचं पुस्तक."

शेठने दोन्ही कान पकडले. "बच्चों का राइटर मरता नहीं साईं. मैं मारूंगा तो अगले साल क्या छापूंगा?"

ते मला फसवत नव्हते. पुढच्या वर्षीसाठी त्यांनी दुसरा पोरगा बघून ठेवलाय, किसनने रिक्षात ऐकलं. तो आता माझ्या वाघावर कागद ठेवेल.

म्हणून या कलमात मी लिहिलं होतं, पुस्तक शेठला देऊ नये, माझ्यासोबत जाळावं. भाविकाने ते वाचलं आणि पान घेऊन माझ्यासमोर उभी राहिली.

"दादा, जाळल्यावर कोण वाचणार हे? तू?"

"नाव नाही तर काय उपयोग?"

"पोरांना बोकड पायजे. तुझा बोकड भारी झालाय."

"आणि नाव?"

तिने पानाची घडी घातली. "पुस्तकावरचं नाव कोणीच नाय वाचत, दादा. मी शाळेत एकदापण नाय वाचलं."

मलापण तसंच वाटत होतं. फक्त ती खोटं बोलेल अशी आशा होती. भाविका बाकी सगळ्यांशी खोटं बोलते.

सबब ते कलम खोडलं आहे. पुराचं पुस्तक टेकचंद शेठला द्यावं आणि त्यांनी ते दिनानाथ काकांच्या नावाने छापावं. शेवटचं पान व्हायचं राहिलंय. त्यात माणसं नाहीत, नुसतं पाणी आहे. निळा रंग आईने भरावा, दुसऱ्या कोणाला हात लावू देऊ नये. या पुस्तकाला शेठला परिचय पाहिजे आहे, तो देतो:

"दिनानाथ काका बदलापूरला राहतात. मुलांवर त्यांचं फार प्रेम आहे. त्यांची तब्येत उत्तम आहे."

या मृत्युपत्राची अंमलबजावणी भाविका जनू भोईर हिने करावी. वरचा मजकूर मी वाचला, मला पटलेला नाही, पण मान्य आहे.

ठिकाण: अंबरनाथ, डायलिसिसची खिडकीजवळची खाट
दिनांक: १९ ऑगस्ट २०२५

सही:
हरेश जनू भोईर

साक्षीदार एक, सुरुची कुलथे, टेक्निशियन: सही माझ्यासमोर केली. पेशंट शुद्धीत होता, बडबड चालू होती.

साक्षीदार दोन, किसन हरिचंद्र म्हात्रे, रिक्षाचालक: माझ्यापण समोर केली. डाव्या हातात सुया होत्या म्हणून उजव्या हाताने केली आहे. नाव वाचता येत नाही. ते हरेशचंच आहे.