वकील गप्प का झाला

प्रिय धाकटे,

फोन करायचा सोडून ताईनं पत्र कसलं लिहिलंय म्हणून आधी दचकशील आणि मग हसशील. हस बापडी. माझ्या हाताला कात्रीची सवय, पेनाची नाही, तेव्हा अक्षराला नावं ठेवू नकोस. तुझी लेक ठकू बरी आहे. पोटभर जेवते, तुझ्या भावजींना पत्त्यांत हरवते आणि ते मुद्दाम हरतात हे ओळखून त्यांना दटावतेही. तू रविवारी तिला न्यायला येणार आणि इथून तुम्ही थेट तिच्या नव्या काकांच्या घरी राहायला जाणार, हे तिला मी सांगितलंय. ऐकून तिनं नुसती मान हलवली. मला त्या जाण्याबद्दलच लिहायचंय, पण सुरुवात आपल्या पोपटापासून करावी लागेल. कंटाळून मधेच घडी घालू नकोस, शेवटपर्यंत वाच.

बाबांनी त्याचं नाव वकील ठेवलं ते काही उगाच नाही. समोरच्याचं बोलणं पुरं होऊ द्यायचं नाही आणि शेवटचा शब्द आपलाच. सकाळी उजाडलं की आणि संध्याकाळी दिवे लागायच्या सुमाराला तो घर डोक्यावर घ्यायचा, आठवतं ना? आई स्वयंपाकघरातून गप म्हणून ओरडायची, तो दुप्पट ओरडायचा, आणि शेवटी बाबा हातातलं काम टाकून सफरचंदाची फोड घेऊन पिंजऱ्याशी धावायचे. म्हणजे गळा काढला की माणूसही येतो आणि खाऊही येतो, हे आपणच त्याला पढवलं. बाबा गेल्यावर तो तुझ्याकडे आला, ठकूचा जीव त्याच्यात अडकला, आणि तुझ्या शेजाऱ्यांचे कान किटले. खालच्या मजल्यावरची बाई जिन्यात भेटली की तोंड फिरवते, म्हणून तू रडवेली झाली होतीस. त्या वेळी मला तुझी काळजी वाटायची. एकटी बाई, दवाखान्यातली संध्याकाळची पाळी, पदरात लहान मूल आणि वर हा बोंबल्या.

मग आईच्या कानाला यंत्र बसवायला म्हणून तू तिला घेऊन गेलीस आणि तिथे हे काका तुला भेटले. आम्हां सगळ्यांना आवडले, खोटं कशाला बोलू? दिवसभर त्या बंद काचेच्या खोलीत लोकांना बारीकसारीक आवाज ऐकवायचे आणि ऐकू आलं की बोट वर करायला सांगायचं, असं काम. स्वतः कधी आवाज चढवून बोलत नाहीत. आई तर म्हणाली, किती शांत माणूस आहे. तू पाळीला गेलीस की ते येऊन ठकूजवळ बसायला लागले, आणि थोड्याच दिवसांत तुझा फोन आला, की अगं ताई, त्यांनी वकिलाला गप्प केलं. तुझ्या आवाजात इतका सुटल्याचा आनंद होता की मलाही हायसं वाटलं. भेटल्यावर मी त्यांना विचारलं होतं, काय जादू केलीत? ते हसून म्हणाले, जादू कसली, सातत्य लागतं. मी मान डोलावली. पडद्याच्या चुण्या घालायलाही तेच लागतं, असंही मीच वर म्हणाले.

नव्या घरात पक्षी नको म्हणून पिंजरा ठकूबरोबरच इथे आला. मी तो शिवणाच्या खोलीत खिडकीपाशी टांगला आणि कानात घालायला कापूसही आणून ठेवला. कापूस तसाच पडून आहे. वकील उजाडताना ओरडत नाही, तिन्हीसांजेला ओरडत नाही, मशीन सुरू झालं तरी हूं की चूं नाही. पहिल्यांदा मी खूश झाले. मग त्याच्या छातीवरची पिसं त्यानंच उपटलेली दिसली, तशी पिंजरा उचलून मी पक्ष्यांच्या डॉक्टरीणबाईंकडे गेले.

बाई तरुण आहेत पण समजावून सांगायची हातोटी आहे. म्हणाल्या, पोपट थव्यात राहणारा. सकाळ-संध्याकाळ ओरडतो तो त्याच्या परीनं हजेरी घेत असतो, मी इथे आहे, तुम्ही कुठे आहात. उत्तर मिळालं नाही की आवाज चढतो. त्याच्यावर ओरडलात तर त्याला वाटतं तुम्हीही हजेरी देताय. म्हणून खोलीतून जाताना एक ठरलेली शीळ घालायची, त्यानं हळू आवाजात उत्तर दिलं की लगेच कौतुक करायचं, किंचाळला तर ढिम्म राहायचं, थांबला की जवळ जायचं. कुरतडायला लाकूड, भरपूर झोप आणि अंगावर पाण्याचा फवारा. ओरडणं संपत नाही, पण सोसवेल इतकं होतं. मी म्हटलं, बाई, आमची तक्रार उलटी आहे, हा मुळीच बोलत नाही. त्यांनी त्याच्याकडे बराच वेळ बघितलं आणि विचारलं, घरात मांजर आहे का? ससाणा डोक्यावर फिरत असला की अख्खा थवा असा चिडीचूप होतो, म्हणाल्या. मी नाही म्हणाले आणि घरी आले, पण ते बोलणं डोक्यातून जाईना.

शिळेचं काम मी ठकूकडे दिलं. ती दाराआड जाऊन शीळ घालते, कान देऊन थांबते, आणि उत्तर आलं नाही की परत येऊन पिंजऱ्याच्या सळीला नाक लावते. त्याला रागावत नाही. धाकटे, ही तुझी मुलगी वेणी घालताना सगळी गल्ली गोळा करायची. परवा ती जिन्यावरून पडली. मला कळलंसुद्धा नाही. माझ्याजवळ येऊन गुपचूप बसली आणि मी शिवत होते त्या कापडावर रक्ताचा डाग दिसला तेव्हा मी खाली बघितलं. गुडघा चांगला फुटला होता. डोळ्यांतून पाणी वाहत होतं आणि तोंड घट्ट मिटलेलं. तू फोनवर म्हणाली होतीस, हल्ली किती समजूतदार झालीये. मला त्या समजूतदारपणाची भीती वाटली.

आणि काल दुपारची गोष्ट. एका शाळेच्या सभागृहाचे पडदे करायचेत, गडद निळं जाड कापड आलंय. बेतायच्या आधी मी कापड दोन्ही हातांनी उंच धरून झटकते, तू लहानपणापासून बघतेस. तसं झटकलं. पिंजऱ्यात धप्प झालं. वकील दांडीवरून खाली तळाशी उतरला होता, पिसं अंगाला चिकटवून काटकीसारखा बारीक, डोळे ताठ. काय झालं म्हणून मी ठकूकडे वळले. ती जमिनीवर बटणं निवडत बसली होती. आता तिचे दोन्ही तळवे तोंडावर दाबलेले होते आणि डोळे गच्च मिटलेले. मी कापड टाकलं आणि तिच्याजवळ बसले. बोटांच्या आडून ती म्हणाली, "मावशी, माझ्यावर नको टाकूस. मी आवाज नाही केला."

मी खोदून विचारलं नाही. परत बटणं निवडायला घेतली, तिनंही घेतली, आणि तिचं ती थोडं थोडं सांगत गेली. वकील ओरडला की पिंजऱ्यावर जाड चादर टाकून तो अडगळीच्या खोलीत ठेवायचा. तू पाळीला गेलीस आणि ठकू तुझ्यासाठी रडली की तिलाही तिथेच बसवायचं, त्याच्या शेजारी, डोक्यावरून चादर घालून. रागवायचं नाही, मारायचं नाही. दोघं गप्प राहिली की दार उघडायचं. एकानं आवाज केला की दोघांचीही वेळ पहिल्यापासून सुरू. ती म्हणाली, म्हणून मी वकिलाला आतून हळूच सांगायचे, ओरडू नको ना रे. आईला का नाही सांगितलंस, असं एवढंच मी विचारलं. तर म्हणाली, सांगणं म्हणजेपण आवाजच असतो, असं काका म्हणतात.

आता पत्र का, ते सांगते. तू फोन स्पीकरवर टाकून काम करतेस आणि त्या वेळी तो माणूस समोर बसलेला असतो. म्हणून हे पत्र तुझे भावजी दवाखान्यात येऊन तुझ्या हातात देतील. तिथेच वाच, घरी नेऊ नकोस, आणि त्याला काहीही विचारू नकोस. विचारलंस तर तो शांतपणे समजावून सांगेल आणि तुला ते पटेल, याचीच मला धास्ती आहे. रविवारची वाट बघू नकोस. आजची पाळी संपली की भावजींबरोबर इकडे निघून ये, एकटी. ठकूला मी त्या घरी पाठवणार नाही. तू आई आहेस, तुझा हक्क मोठा, पण या बाबतीत मी तुझंही ऐकणार नाही. माझ्याशी भांड, आयुष्यभर बोलू नकोस, मला चालेल. तुझा विश्वास बसला, त्यात तुझं चुकलं असं मी एकदाही म्हणणार नाही. तुला कुणीतरी मायेचं हवं होतं, एवढंच. मी हे लिहीत असताना ठकू माझ्या कानाशी येऊन विचारून गेली, आई आली की मोठ्यानं हाक मारली तर चालेल का. मी हो म्हणाले. पण तिला ते तुझ्या तोंडून ऐकायचंय.

तुझीच,
ताई