लेवीयातली ओल आणि आमची भिंत

नल्लकुंटा, हैदराबाद
ऑगस्टचा दुसरा रविवार, चर्चहून आल्यावर

प्रिय जयवंताताई,

प्रभूच्या नावाने तुला सलाम. कॉन्व्हेंटच्या वसतिगृहाच्या पायरीवर बसून तू माझ्या वेण्या घालायचीस, आठवतं? प्रत्येक पेडाला पवित्र शास्त्रातलं एक पुस्तक म्हणायचं: उत्पत्ती, निर्गम, लेवीय, गणना. मी अडखळले की तू पेड असा ओढायचीस की माझ्या भुवया दिवसभर कपाळावर चढून बसायच्या, आणि ही मुलगी सारखी चकित का असते, असं सिस्टरना वाटायचं. रूथपर्यंत पोचलं की रिबीन. आज पहाटे जाग आली ती त्या आठवणीनेच, आणि उगाच फार बरं वाटलं.

तुझी तब्येत कशी आहे? डोळ्यांत थेंब वेळेवर घालतेस ना? गुडघ्यांची चौकशी करत नाही, कारण मग माझ्याही गुडघ्यांबद्दल लिहावं लागेल. (अश्विनी, तुझ्या सासूबाईंना हे पत्र तूच वाचून दाखवणार. कंसातलंही मोठ्याने वाच.)

डॉक्टरांनी तुझं वाचन बंद केलं, तेव्हा जूनपासून वर्षभरात सगळं पवित्र शास्त्र मी फोनवर वाचून पाठवायचं, शेवटी माझं चार ओळींचं मनन, आणि तू उलट 'आमेन' पाठवायचं, असं आपलं ठरलं होतं. आता तू निरोप दिलास की पुरे झालं, सुलभाला रोजचं ओझं कशाला. तेव्हापासून माझी रेकॉर्डिंगं तुझ्याकडे नुसती पडून आहेत. खुणा निळ्या होत नाहीत, कळतं मला. म्हणून कागद घेतला. कागद न ऐकता ठेवून देणं तुला जमणार नाही. ओझं म्हणजे काय ते ऐक आता.

मी वाचते स्वयंपाकघरात, डाळ शिजत असताना. (तू म्हणाली होतीस की निर्गमातल्या मेघगर्जना फार खऱ्या वाटल्या. तो कुकर होता.) लेवीयाचा चौदावा अध्याय चालू होता आणि घराच्या भिंतीला हिरवे-तांबडे चट्टे आले तर काय करावं, तिथे पोचताच कुकरची शिट्टी झाली. रेकॉर्डिंग तिथेच तोडून तुला पाठवलं आणि उरलेलं नव्याने सुरू केलं. त्या आधीच आमच्या न्हाणीघराच्या ओल्या भिंतीचा फोटो मी इमारतीच्या ग्रुपवर टाकला होता. गेली तीन वर्षं टाकते आहे. सेक्रेटरी शंकरराव, आमच्या घराच्या बरोबर वर राहणारे, दर वेळी 'पावसाळा आहे, मॅडम' एवढंच लिहितात. तर फोनवर तो ग्रुप राहिला सगळ्यात वरती, चष्मा राहिला फ्रिजवर, आणि अध्यायाचा दुसरा तुकडा गेला सगळ्या इमारतीला. पुस्तकाचं नाव नाही, अध्याय नाही, थेट माझा आवाज: घर रिकामं करा, सात दिवस बंद ठेवा, आतून सगळीकडे खरवडा, खरवडलेली माती गावाबाहेर टाका.

ताई, काय सांगू! खालची वैशाली पुण्याची, घरूनच कॉम्प्युटरवर काम करते, आणि फोनवर आलेल्या प्रत्येक सूचनेवर तिचा विश्वास. मी आंघोळ करून येईपर्यंत तिचा सोफा जिन्यात होता आणि फ्रिजची वायर काढून झाली होती. वॉचमन दारात येऊन विचारतो, "अम्मा, सात दिन किधर कू जाना?" दिलीप पेपरामागे तोंड लपवून हसत होते. नवरे अशा वेळी पेपर फार बारकाईने वाचतात.

मग शंकरराव आले. नांदेडचे, सरकारी कचेरीतून निवृत्त झालेले, सरळ माणूस. मी सलाम म्हटलं, ते जय भीम म्हणाले, आणि उभ्याउभ्याच विचारलं, "सुलभाबाई, हा आदेश कुणाचा?"

मी खोटं कसं बोलणार? म्हटलं, "परमेश्वराचा."

"ते झालंच हो. पण खाली सही कुणाची?"

"मोशेची."

ते म्हणाले, "मग आधी पाहणी करावी लागेल." आणि खरंच टॉर्च घेऊन आले. अध्यायात याजक पाहतो तशीच भिंत पाहिली, बोटाने दाबली, वास घेतला. मिस्त्री बोलावून खरवडलं, तर आत वरून आलेला पाइप चिरलेला. त्यांच्याच न्हाणीघराचा! बिचाऱ्यांचा चेहरा उतरला; पण दुसऱ्याच दिवशी स्वतः उभं राहून पाइप बदलून घेतला. तीन वर्षांचे माझे फोटो एकीकडे आणि अर्धा अध्याय एकीकडे. तुला वाचायला घेतलं नसतं तर ही भिंत माझ्याबरोबरच म्हातारी झाली असती. त्या दिवशीच्या मननात मी फक्त देवाचे आभार मानले, दुसरं सुचलंच नाही. तेही तू ऐकलेलं नाहीस.

मी ग्रुपवर माफी मागितली, वैशालीचा सोफा आत न्यायला हात लावला आणि मला वाटलं प्रकरण मिटलं. तर संध्याकाळी शंकररावांच्या पार्वतीबाई दारात. म्हणाल्या, "त्या घराचं पुढं काय झालं?" आता त्यांनाही रोज पाठवते. भाकऱ्या थापताना ऐकतात. तर ताई, मला ओझं कसलं? तुझ्यासाठी म्हणून वाचता वाचता मला शेजार मिळाला.

सर्वांना आशीर्वाद, तुला खूप प्रेम.

तुझी
सुलभा

ता. क. खरं काम राहिलंच. गणनेत खानेसुमारी आली आणि पार्वतीबाईंनी विचारलं, "एवढी माणसं मोजली, यात बाया कुठंत?" मी गडबडले. मनन करणं मला येत नाही, ताई. मी फक्त छान वाचते. पुढे पाच बहिणी वडिलांच्या जमिनीचा हक्क मागायला मोशेसमोर उभ्या राहतात, हे तू मंडळीतल्या बायकांना सांगायचीस, तसं मला कुठे जमणार? यापुढे वाचन माझं, मनन तुझं. माझा आवाज अडतो तिथे तुझा हवा आहे. नाही म्हणू नकोस, मी त्यांना तुझं नाव सांगून बसले आहे.

आणखी ता. क. दिलीप शुक्रवारी जालन्याला लग्नाला येत आहेत. त्यांच्याजवळची बिस्किटं अश्विनीची, एवढं लांबलचक पत्र वाचल्याबद्दल. छोटा स्पीकर तुझा, उशाशी ठेव. गोंगुऱ्याचं, म्हणजे आपल्या अंबाडीचं, लोणचं अर्धं तुझं, अर्धं तुमच्या चर्चच्या पाळकबाईंचं. बरणी मात्र पार्वतीबाईंची आहे. ती रिकामी परत करू नकोस.