त्या कापडाला 'येजा' म्हणत नाहीत

बाबा,

शेवटी मीही कापडाच्याच धंद्यात पडले. तुम्ही गेलात तेव्हा बालाघाटात इंटरनेट हा शब्द धड पोचला नव्हता, त्यामुळे आधी हे समजावून सांगायला हवं. आता असं एक दुकान असतं ज्याला ओटा नाही, गादी नाही, पायरीही नाही. लोक घरी बसून कॉम्प्युटरवर कपड्यांचे फोटो बघतात, आवडला त्यावर खूण करतात, आणि चार-आठ दिवसांनी कुरिअरवाला खोकं आणून देतो. 'हात न लावता?' असं तुम्ही विचाराल, आणि विचारताना चष्मा कपाळावर चढवाल. हो बाबा, हात न लावता. मी पुण्यात ज्या कंपनीत आहे तिच्याकडे अशाच एका दुकानाचं काम आलं. गिऱ्हाईक आत येतं, फिरतं, टोपली भरतं आणि शेवटच्या पानावरून टोपली टाकून निघून जातं, असं त्या मालकाचं रडगाणं होतं. दुकान मुळापासून नीट लावून द्यायचं, कुणाचा कुठे पाय अडखळतो ते शोधायचं, हे माझं काम. वर्षभर तेच करते आहे.

खरं सांगू? आमच्या साहेबांनी तुमचं दुकान पाहिलं असतं तर डोक्याला हात लावला असता. दारात चपलांचा ढीग, त्यातून वाट काढत वर चढायचं. चांगला माल सगळ्यात वरच्या फळीवर, जिथे स्टुलावर चढून फक्त तुमचा हात पोचे. आणि तुमची ती खोड! बाईने निळं लुगडं मागितलं की तुम्ही आधी हिरवी काढायचात. 'पाहून तं घ्या,' म्हणत एकामागून एक उलगडायचात, बाई बिचारी 'निळं, भाऊ, निळं' करत राहायची. आम्ही याला चूक म्हणतो आणि ती काढून द्यायचे पैसे घेतो. रेडिमेड ठेवा म्हणून आई कानीकपाळी ओरडली, पण तुम्ही हटून बसलात. समोरच्या सेठनी काचेत पुतळे उभे केले तर तुम्ही त्यांचं नाव पुतळेवाला ठेवलंत, आणि त्यांच्या पाटीमुळे आपली पाटी झाकली गेली तेव्हापासून त्यांच्याशी बोलणंच टाकलंत. ते दिवसभर 'फिर आना जी, फिर आना' असं ओरडायचे, आणि त्यांचा आवाज आपल्या गादीपर्यंत आला की तुम्ही मुद्दाम त्यांच्या वरताण म्हणायचात, "येजा, भाऊ! येजा, मावशी!"

'पुन्हा या'पेक्षा ते आपलं 'येजा' मला फार आवडायचं. उन्हाळ्याच्या सुट्टीत मी दुकानात बसायची तेव्हा ते काम मी तुमच्याकडून मागूनच घेतलं होतं. उतरणाऱ्या प्रत्येकाला पायरीवरून ओरडून 'येजा' म्हणायचं. माणसं हसायची, एक बाई तर मला ओच्यातून सीताफळं आणून द्यायची. तुम्हाला कोण कौतुक! "माह्या पोरीनं म्हनलं का गिऱ्हाईक येतेच," असं येईल त्याला सांगायचात.

मग ती दुपार. किरनापूरकडचा एक माणूस सायकलवर आला आहे. सायकल तो स्टँडवर लावत नाही, भिंतीला टेकवतो. वर चढत नाही, खालूनच काहीतरी म्हणतो आणि तुम्ही गादीवरून उठून उभे राहता. मला नवल वाटतं, कारण गिऱ्हाइकासाठी उठताना मी तुम्हाला कधी पाहिलेलं नाही. तुम्ही 'बसा' म्हणत नाही, पाणी विचारत नाही. कोऱ्या पांढऱ्या कापडाचा तागा काढता, कात्री न घेता हातानेच टर्रकन फाडता आणि घडी न घालता त्याच्या हातात देता. तो ते काखेत धरून उतरतो. आणि मी, नेहमीच्या उत्साहात, सगळा दम लावून ओरडते, "येजा, काका!"

तो थांबला. वळून माझ्याकडे नुसतं बघितलं. तुम्ही अनवाणी पायरी उतरून त्या तापलेल्या रस्त्यावर गेलात, त्याच्या सायकलचं हँडल धरलंत, काय बोललात ते मला ऐकू आलं नाही. तुमचा हात त्याच्या खांद्यावर होता एवढं दिसलं. परत आलात तेव्हा आता थोबाडीत बसणार म्हणून मी ताग्यांच्या मागे सरकले होते. तुम्ही पाय पुसलेत, माझ्याजवळ बसलात.

"बाई, त्या कापडाले येजा नाई म्हनत."

"काहून?"

"मयताचं कापड हाय ते. ते न्याले पुन्हा येजा, असं कोनाले म्हनाव का? सावकास जाजा म्हनाचं. बस."

मी रडायला लागले. आता तो काका कधीच येणार नाही का, असं विचारलं. "येईन नं," तुम्ही म्हणालात, "पोरीले फराक न्याले येईन." आणि तो आला, बाबा, दिवाळीच्या आधी खरंच आला, पोरीला घेऊन. फ्रॉकचं कापड बांधून दिल्यावर तुम्ही माझ्याकडे पाहून डोळ्यांनी खूण केलीत, आणि मी असं 'येजा' म्हटलं की समोरचे सेठही बाहेर डोकावले.

आता ज्यासाठी हे लिहायला बसले ते. या नव्या दुकानात ऑर्डर झाली की शेवटच्या पानावर रंगीत फुलं उधळत. 'अभिनंदन' येई, खाली 'थँक यू, व्हिजिट अगेन'. खोक्याला लाल रिबन, आत तशीच चिठ्ठी, आणि पुढे महिनाभर 'आवडलं ना, पुन्हा घ्या' असे ई-मेल. मालकाचा हा आवडता भाग, याला हात लावू नका म्हणाला होता. लोकांच्या तक्रारीचे फोन तिथे साठवून ठेवलेले असतात, ते ऐकणं आमच्या कामात येतं. कानाला हेडफोन लावून मी ऐकत होते. कुणाला बाही लांब, कुणाला रंग वेगळा. मग एक बाई. हिंदीत बोलत होती. तिचे वडील गेले होते. तेराव्याला तिला जाता आलं नाही, म्हणून तिने आईसाठी दुखवट्याचं लुगडं या दुकानातून पाठवलं. भरल्या बैठकीत माणसांसमोर ते खोकं उघडलं, वर लाल रिबन, आत अभिनंदनाची चिठ्ठी. फोनवरचा पोरगा 'सॉरी मॅडम, सॉरी मॅडम' म्हणत होता. बाईची हिंदी मध्येच सुटली. "माह्या मायनं ते लुगडं हातात नाई घेतलं जी," ती म्हणाली, "काहून असं केलं तुम्ही?"

इतक्या वर्षांत ऑफिसात कुणाच्या तोंडून मी आपली बोली ऐकली नव्हती. हेडफोन काढून मी जिन्यात जाऊन उभी राहिले. डोळ्यांपुढे मामा आला. तुमच्या तेराव्याला त्याने आईसाठी आणलेलं लुगडं साध्या वर्तमानपत्रात गुंडाळलेलं होतं, आणि ते देताना तो एक अक्षर बोलला नव्हता.

मी मीटिंगमध्ये म्हटलं की एक चौकट ठेवू, 'साधं पाठवा'. तिच्यावर खूण केली की रिबन नाही, चिठ्ठी नाही, फुलं नाहीत, नंतरचे ई-मेल नाहीत, आणि शेवटचं पान कोरं. साहेब चांगला माणूस आहे, चौकट त्याला लगेच पटली. कोऱ्या पानाला मात्र तो नाही म्हणाला. पान कोरं दिसलं की लोकांना वाटतं ऑर्डर गेलीच नाही, ते दुसऱ्यांदा पाठवतात. एका घरी दोन लुगडी जातील. त्याचं बरोबर होतं. म्हणजे काहीतरी म्हणायला तर हवं, आणि 'पुन्हा या' तर म्हणायचं नाही. मला शब्द सुचेनात. मग ते समोरच्या सेठच्या पायरीवर सापडले, आणि तिथे जायचं मी इतकी वर्षं टाळत आले होते.

तुम्ही गेलात तेव्हा मी नागपूरला शिकत होते. सुट्टी संपवून निघाले तेव्हा तुम्ही गादीवरूनच म्हणाला होतात, "येजो, बाई." तेच तुमचं शेवटचं. निरोप आला आणि मी गोंदियाहून बस धरली. राजेगावला बस जरा जास्त थांबली तर मी कंडक्टरवर ओरडले. मी आले, बाबा. तुम्ही म्हणाला होतात आणि मी आले, आणि तुम्ही ओसरीत झोपवलेले होतात. घरच्या मयताला घरचं कापड नको म्हणून काका समोरच्या दुकानात निघाले. आई म्हणाली, "हिले ने संगं. त्याईले पातळ कापड नाई चालत."

सेठ गादीवरून उठून उभे राहिले. मी अंगठा आणि बोटाच्या मध्ये कापड धरून बघितलं, तुम्ही बघायचात तसं. जाडं म्हटलं. त्यांनी दुसरा तागा काढला. ते बिनकात्रीचं टर्रकन फाटणं मी लहानपणापासून ओळखत होते. घडी न घालता त्यांनी कापड माझ्या हातात दिलं. आम्ही खाली उतरलो आणि शेवटच्या पायरीवर माझे पाय थांबले. काका पुढे गेले. मी तशीच उभी. का उभी आहे ते मलाच कळत नव्हतं, मग कळलं. ते 'फिर आना जी' म्हणतील म्हणून मी थांबले होते. सगळ्या बाजारात ज्यांच्या ओरडण्याने तुमचं डोकं उठायचं, ते सेठ गप्प होते. त्यांचे डोळे लाल झाले होते. "धीरे जाना, बेटा," एवढंच म्हणाले. त्या पायरीवर मला तुम्ही गेलात हे समजलं. ओसरीत समजलं नव्हतं.

तर शेवटच्या पानावर मी तेवढंच लिहिलं. 'कापड मिळेल. सावकाश जा.' इंग्रजीत ते जरा वेडंवाकडं दिसतं, कपडे विकणाऱ्याने असं का म्हणावं हे मालकाला समजेना, पण साहेबाने ते ठेवून घेतलं. परवा दुकान नव्याने उघडलं. ती बाई परत या दुकानात येणार नाही, मला ठाऊक आहे.

तुमची आठवण आता रोज येत नाही. येते तेव्हा मात्र असं वाटतं की आत्ताच बस राजेगावला थांबली आहे. आपल्या दुकानात आता मोबाइलवाला बसतो. आई काकांकडे बरी आहे. हे पत्र कुठे पाठवायचं, असा प्रश्नच नाही.

एक मात्र सांगते. उघडण्याच्या आदल्या दिवशी खोटी ऑर्डर टाकून बघायची असते. नाव-पत्ता काहीही चालतो, पोरं त्यात सिनेमातल्या नटांची नावं घालतात. सगळे जेवायला गेले होते. मी तुमचं नाव टाकलं, पत्ता आपल्या दुकानाचा टाकला, आणि एक पांढरं धोतर निवडलं, जाडसं. माझीच ती चौकट तपासायची होती. खूण करायला बोट नेलं आणि ते पुढे जाईना. मी ती मोकळीच ठेवली, बाबा. पडद्यावर फुलं उधळली, रंगीत अक्षरं आली, आणि त्या रिकाम्या ऑफिसात मी त्यांच्या वरताण ओरडले.

येजा, बाबा. येजा.