निळा ठिपका

मंगळवार, ४ मार्च
मिळाली गाडी! ऑनलाइन लिलावात अकरा सेकंद उरले असताना शेवटची बोली माझी. सात वर्षांची, राखाडी, आठशे किलोमीटरवर उभी. अटीत लिहिलंय — 'जशी आहे तशी'. बारा फोटो पाहून घेतली. नवरा म्हणतो, "मला दोनदा पाहून होकार दिलास, हिला एकदाही नाही?" म्हटलं, दोनदा पाहून काय दिवे लागले!

अठरा तारखेला सकाळी सातला टेकडीवरच्या रुग्णालयात हजर व्हायचंय. मुख्य परिचारिका! चौदा वर्षं या खुर्चीची वाट पाहिली. वर बस जात नाही. हजर नाही झाले तर जागा यादीतल्या दुसरीला. म्हणजे गाडी हवीच.

शनिवार, ८ मार्च
वाहतूक कंपनीचा ट्रक लिलावाच्या आवारात पोचला. मोबाइलवर तो निळा ठिपका दिसतो. बारा तारखेला गाडी दारात, असं लेखी दिलंय.

सोमवार, १० मार्च
ठिपका जागचा हललेला नाही.

मंगळवार, ११ मार्च
अजून तिथेच! कंपनीतली मुलगी गोड आवाजात म्हणते, "चालकाकडून विलंब आहे, मॅडम." ते मलाही दिसतंय, बाई! शेवटी चालकाचा नंबर मिळवला. म्हणाला, "ताई, गाडी अजून चढवली नाही, तिचं जरा—" पुढे बोलूच दिलं नाही. कारणं नकोत, अठराच्या आत गाडी हवी! रोज वॉर्डात दहा जणांची कारणं ऐकते, आता घरबसल्या याचीही ऐकू? चांगला फैलावर घेतला आणि फोन आपटला.

बुधवार, १२ मार्च
त्याचे तीन फोन. उचलले नाहीत. नवरा म्हणाला, "ऐकून तर घे." वकीलपत्र घेतलंय का त्याचं?

गुरुवार, १३ मार्च
ठिपका तिथेच. माझं डोकं फिरलं. कुठे ढाब्यावर तंगड्या पसरून पडला असेल! तक्रार लिहिली, थेट वरच्या साहेबांना. दीड पान. शेवटी लिहिलं — हा माणूस कामावर ठेवण्याच्या लायकीचा नाही. नवऱ्याला वाचून दाखवली. तो म्हणाला, शेवटचं वाक्य काढ. मी त्याखाली रेघ ओढली.

शुक्रवार, १४ मार्च
निघाला! पाहिलंत? सरळ बोटानं तूप निघत नाही.

रविवार, १६ मार्च
गाडी आली. घेऊन आला तो दुसराच चालक, अर्ध्या वाटेत बदललेला. फोटोपेक्षा जुनी दिसते, डाव्या दारावर ओरखडा, पण चालते झकास. तेवढ्यात कंपनीचा निरोप — 'आपल्या तक्रारीची दखल घेऊन संबंधित चालकास कामावरून कमी केले आहे.' बरं झालं! चांगली अद्दल घडली. नवरा ताट उचलून आत गेला.

मंगळवार, १८ मार्च
पावणेसातला हजर! संध्याकाळी टेकडी उतरताना तो उभा उतार, खाली वळण आणि वळणावर शाळेची मुलं. ब्रेकवर पाय ठेवला, गाडी जागच्या जागी थांबली. खुर्ची मऊ आहे. दिवसभर रागवावं असं काहीच झालं नाही.

शनिवार, २२ मार्च
गाडी मेकॅनिकला दाखवली. त्यानं खालून विचारलं, "ब्रेकचे पाइप कुणी बदलले? आठवड्यापूर्वीचं काम आहे. जुने कुजलेले असणार, बाकीचं सगळं गंजलंय. तशी चालवली असती तर पहिल्याच उतारावर जीव गेला असता." सीटखाली गॅरेजची पावती निघाली. तारीख तेरा. नावाच्या जागी त्या पहिल्या चालकाचं नाव.

फोन लावला. बायकोनं उचलला. म्हणाली, "झोपलेत. नोकरी गेली हो त्यांची. बिघडलेली गाडी मागे सोडून निघायचा नियम आहे. कुणा ताईला अठराच्या आत गाडी हवी होती, म्हणून हे थांबून राहिले. आपण कोण?"

राँग नंबर, म्हणाले मी.