क्वायरमास्तरांना क्षमा करण्याची मोहीम

२ मार्च, रविवार
चर्चच्या अंगणात विटांची गोल गोल वाट आखलीय. लॅबिरिंथ म्हणतात. मनात प्रार्थना करत मध्यापर्यंत जायचं, त्याच वाटेने परत यायचं. पाळकसाहेब म्हणाले, हा भूलभुलैया नव्हे. वाट एकच, चुकायची सोयच नाही.
ठरवलं. मध्यावर पोचून क्वायरमास्तरांना क्षमा करायची. चौदा वर्षं चर्चच्या क्वायरमध्ये टेनर, म्हणजे पुरुषांचा वरच्या पट्टीतला सूर, गायलो आणि या गृहस्थांनी ‘घशाला विश्रांती द्या’ म्हणून मला खुर्च्या मांडायला लावलं. तरी माझ्या मनात काही नाही.

३ मार्च, सकाळी ६.३०
चुकलो. मध्याऐवजी थेट फाटकापाशी निघालो. विटा वाकड्या बसवल्यात. माझी नजर चुकणं शक्य नाही, दिवसभर लोकांच्या चष्म्याचे नंबर काढतो.

५ मार्च
आजपासून नम्रता. सगळ्यांच्या डोळ्यांत भरेल इतकी. मान खाली घालून चाललो आणि बेकरीवाल्या बाईंवर आदळलो. सॉरी त्याच म्हणाल्या. क्षमा केली. सराव म्हणून.

८ मार्च
पोचलो! अडीच मिनिटांत! बेकरीवाल्या बाईंना वीस लागतात. पाळकसाहेब म्हणाले, इथे शर्यत नाही. हरणारे असंच म्हणतात.
क्षमा करायची राहिली.

९ मार्च
बायकोही रोज ही विटांची वाट चालते म्हणे. का, विचारलं, तर ‘मनावर ओझं आहे’ म्हणाली. बिचारी. माझा अपमान किती लावून घेतलाय!

१२ मार्च
मी बाहेर येतोय, मास्तर आत येताहेत. समोरासमोर! वाक्य पाठच होतं : “मास्तर, मी तुम्हाला मोठ्या मनाने क्षमा केली.”
“कशाबद्दल?”
सांगितलं. तर म्हणाले, “अहो, तुमच्या मिसेसच आल्या होत्या. तुमचा घरातला पहाटे साडेपाचचा रियाज सोसवत नाही म्हणाल्या. मला तर टेनर कमीच पडताहेत.”
विटा ओलांडून तडक घरी.

१३ मार्च
बायकोने कबूल केलं. देवाकडे माफी मागून झाली म्हणे. मग माझ्याकडे का नाही, विचारलं. तर म्हणाली, तुम्ही दिसेल त्याला क्षमा करत सुटलाय, म्हटलं आपलाही नंबर लागेल. मग आम्ही हसत सुटलो. पोट दुखेपर्यंत.

१६ मार्च, रविवार
क्वायरमध्ये सन्मानाने परत! जीव ओतून गायलो. पहिलं गीत संपताच मास्तर कानाशी आले. म्हणाले, मिसेसचं बरोबर होतं.
उपासनेनंतर अंगणात पाहतो तर अख्खं क्वायर लॅबिरिंथमध्ये रांगेने चाललेलं. मास्तर सगळ्यांत पुढे, डोळे मिटून. बायको म्हणाली, मीही जाऊन येते.
म्हटलं, थांब. दोघं जाऊ.